पिवळ्या ओळीतली घंटा

खारमाळच्या उघाडीवर एक पितळी घंटा होती. ती वर्षातून बारा-तेरा वेळा वाजायची आणि का वाजते हे गावात एकालाही सांगता येत नव्हतं.

उघाडी म्हणजे बांधातलं दार. खारमाळ रायगडच्या किनाऱ्यावरचं गाव. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं आणि मधे मातीचा लांबलचक बांध. गंमत अशी की भरती आली की खाडीतलं पाणी शेतापेक्षा उंच उभं असतं. समुद्र वर आणि भात खाली, असं उलटं जग हर्षाली घरत जन्मल्यापासून बघत आली होती, त्यामुळे तिला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. ओहोटीला उघाडीचं दार उघडायचं, म्हणजे शेतातलं जादा पाणी खाडीत निघून जातं. भरती चढायच्या आत ते मिटायचं, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. एकदा का ते आत शिरलं की उभं पीक तर जातंच, वर दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भात धरत नाही.

पूर्वी उघाडीला लाकडी झडप असे आणि ती भरतीच्या रेट्याने आपोआप मिटे. पण समुद्र वर्षावर्षाला चढत गेला, लाकडाला तो भार झेपेना, म्हणून २०२९ साली लोखंडी दार आलं, दाराला मोटर आली आणि मोटरला हुकूम सोडायला एक कॉम्प्युटर आला. पाणी मोजायची यंत्रंही बसवली होती, पण त्यांच्यावर कालवांचे शिंपले चढले आणि दर पावसाळ्यात ती गाळात गाडली गेली. शेवटी कॉम्प्युटरनं कोळी-आगऱ्यांसारखं तिथीवरून भरती ओळखायची असं ठरलं. आता २०७१ साल चालू होतं. बेचाळीस हे माणसाचं काही म्हातारपण नव्हे, पण कॉम्प्युटरच्या हिशेबात तो बिचारा केव्हाच पणजोबा झाला होता.

हर्षालीचे बाबा बाळाराम घरत हे उघाडीचे राखणदार. घंटा वाजली की हातातला घास टाकून ते बांधावर जात, काठीनं पाणी बघत आणि दार मिटायचं बटण त्या दिवशी स्वतःच्या हातानं दाबत. हर्षालीनं कारण विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

"घंटी वाजली का पयलं पानी बगाचा. कशाला वाजली, ते नंतर."

हे 'नंतर' त्यांच्या राखणदारीच्या एकोणीस वर्षांत काही आलं नव्हतं. हर्षालीला मात्र ते हवंच होतं. ती सातवीत होती आणि एखादी गोष्ट कळली नाही की तिला जेवण गोड लागत नसे. तिनं दोन वर्षं एका वहीत घंटा वाजल्याची तारीख न चुकता लिहून ठेवली होती. पंचवीस तारखा झाल्या होत्या. वार लावून पाहिले, महिने लावून पाहिले, पाऊस आणि ऊन लावून पाहिलं, एकदा तर बाबांचा राग-लोभही लावून पाहिला. कशाचा कशाला मेळ बसेना.

आणि आता तो कॉम्प्युटरच जाणार होता. त्याचा एखादा भाग बिघडला तर बदली भाग जगात कुठेही मिळत नव्हता. त्याच्या शेजारी नवा कॉम्प्युटर येऊन बसला होता. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला दाराचा ताबा नव्याकडे जायचा होता. कोजागिरीचं दूध काल रात्रीच पिऊन झालं होतं, शेतात लोंब्या भरून वाकल्या होत्या आणि कापणी आठ दिवसांवर आली होती. तीनशे एकर भात. त्यातला दोन एकर घरतांचा.

हे काम करायला डॉ. विदुला सामंत आल्या होत्या. वय पासष्टच्या पुढे, केस बारीक कापलेले, खिशात कायम भाजलेले शेंगदाणे. जुन्या कॉम्प्युटरची भाषा येणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, म्हणून त्यांना निवृत्तीतून परत बोलावून आणलं होतं. त्यांच्यासोबत जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र होतं. त्याचं नाव दुभाष्या. त्याला गोड, शांत आवाज होता आणि विचारल्याशिवाय न बोलण्याची सवय होती.

रविवार होता. हर्षाली वही घेऊन उघाडीच्या खोलीत गेली तेव्हा विदुलाबाई एका कागदाच्या चळतीवर सही करायच्या बेतात होत्या. पाचच्या लाँचनं त्यांना परत जायचं होतं. हर्षालीनं दारातूनच विचारलं, की मॅडम, नव्या कॉम्प्युटरची घंटा वाजेल ना?

विदुलाबाईंनी पेन खाली ठेवलं. मॅडम म्हटलं की आपल्याला वर्गात बाकावर उभं केल्यासारखं वाटतं, तेव्हा मावशी म्हण, असं त्यांनी आधी सांगितलं आणि मग कसली घंटा ते विचारलं. एवढ्या दिवसांत त्या इथे असताना ती एकदाही वाजली नव्हती.

हर्षालीनं वही पुढे केली. मावशींनी ती चाळली आणि शेंगदाण्याची मूठ तशीच तोंडापाशी थांबली. पंचवीस तारखा इतक्या नीट लिहिलेल्या पाहून त्यांना कौतुक वाटलं होतं हे उघड होतं. मग त्यांनी तिला शेजारी बसवलं आणि ते कागद तिच्यासमोर सरकवले.

तो होता दुभाष्याचा अहवाल. जुन्या कॉम्प्युटरमध्ये डेटाबेस (तक्त्यांमध्ये रचून ठेवलेली माहिती) होता. भरतीच्या वेळांचा तक्ता, पंचांगाचा तक्ता, मोटरचा तक्ता. पण नुसती माहिती काही काम करत नाही. तिच्याजवळच, तिच्याच कपाटात, छोट्या छोट्या आज्ञावली (कॉम्प्युटरला पायरीपायरीनं काय करायचं ते सांगणारे मजकूर) राहत होत्या. एक आज्ञावली आजची तिथी काढी, दुसरी भरतीची वेळ शोधी, तिसरी दार हलवी. अशा सहाशे बारा. जुना कॉम्प्युटर एक भाषा बोले, नवा दुसरी. या सहाशे बारा आज्ञावली हातानं उतरवायच्या तर दोन वर्षं गेली असती. दुभाष्यानं ते काम चहा निवायच्या आत केलं होतं. या कामाला मायग्रेशन (माहिती आणि आज्ञावलींचं एका घरातून दुसऱ्या घरी स्थलांतर) म्हणतात. आणि ते कसं झालं याचा जबाब म्हणजे हा अहवाल.

पहिल्याच पानावर तीन रंगांच्या पट्ट्या होत्या. हिरवी खूप लांब, पिवळी आखूड आणि लाल तर नखाएवढी. हिरव्या पाचशे त्र्याऐंशी, पिवळ्या सव्वीस, लाल तीन. हर्षालीनं मनातल्या मनात बेरीज केली आणि ती बरोबर आली तेव्हा तिला बरं वाटलं.

लाल म्हणजे दुभाष्याला जमलं नाही, माणसानं लिहावं, असं मावशींनी सांगितलं. त्या तीन लालांपायी त्यांचे आठ दिवस गेले होते. आठव्या दिवशी कळलं की तिन्ही एका जुन्या प्रिंटरसाठी होत्या आणि तो प्रिंटर उंदरांनी कधीच फस्त केला होता. हे सांगताना मावशी स्वतःवरच खूप हसल्या. मग त्यांनी घंटा शोधली. ती हिरव्या यादीत सापडली. आज्ञावलीचं नाव 'घंटा वाजव', ओळी चार, चारही जशाच्या तशा उतरलेल्या.

झालं, वाजेल तुझी घंटा, असं म्हणून त्यांनी पुन्हा पेन उचललं.

हर्षालीला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण वाजेल म्हणजे कधी वाजेल? ते तर अजून कुणालाच माहीत नव्हतं. मोठ्या माणसाच्या सहीच्या आड यावं की नाही, असा विचार तिच्या मनात आला. मग तिनं विचारलंच, की माझ्या वहीतल्या तारखा नव्या कॉम्प्युटरला देऊन बघता येतील का? जुन्यानं त्या त्या दिवशी घंटा वाजवली आहे. नव्यानंही वाजवायला हवी.

मावशींनी वही पुन्हा स्वतःकडे ओढली. नंतर त्यांनी कबूल केलं, की हे खरं तर आपल्याला सुचायला हवं होतं. जुन्याला आणि नव्याला एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तरं शेजारी शेजारी ठेवायची, हीच खरी परीक्षा. पण त्यासाठी जुनी उत्तरं कुणीतरी लिहून ठेवलेली असावी लागतात आणि ती बहुधा कुणी ठेवत नाही.

त्यांनी नव्या कॉम्प्युटरला वहीतली पहिली तारीख दिली, म्हणजे आज तोच दिवस आहे असं त्याला भासवलं. खोलीत शांतता. दुसरी तारीख. शांतता. पाचवी, दहावी, सतरावी. बाहेर खाडीत बगळे ओरडत होते तेवढाच काय तो आवाज. पंचवीस तारखा संपल्या तरी घंटेचा लोळा जागचा हलला नव्हता.

कुठे काही बिघडलंय का, असं मावशींनी दुभाष्याला विचारलं.

"काही बिघडलेलं नाही," दुभाष्या म्हणाला. "घंटेची आज्ञावली अचूक आहे. तिला कुणी बोलावलं नाही, म्हणून ती वाजली नाही."

"बोलावणार कोण होतं?"

"पान एकतीस. पिवळी ओळ, सतरावी."

पान एकतीस उघडलं. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं: आज्ञावली 'आजची भरती'. रूपांतर पूर्ण. तक्त्यात ओळ न सापडल्यास दोन्ही यंत्रांचं वागणं वेगळं असू शकतं. तपासावे.

मावशी ती ओळ दोनदा वाचत राहिल्या. मग त्यांनी जुनी आज्ञावली पडद्यावर उघडली आणि हर्षालीला बोट ठेवून एकेक पायरी दाखवू लागल्या. काल कोणती तिथी होती ते बघ. तिच्यात एक मिळव, ती आजची तिथी. तिथी दोनदा आली असेल तर त्याच तिथीवर थांब. मग या महिन्याच्या पंचांगात त्या तिथीची ओळ शोध आणि तिच्यासमोर लिहिलेली भरतीची वेळ घे. खाडीवर जाणारे कोळी बोटांवर मोजतात तसंच ते होतं, काल चतुर्थी म्हणजे आज पंचमी. आणि शेवटी एक वेगळा भाग होता, अपवाद (नेहमीपेक्षा निराळं काही घडलं तर काय करायचं ते सांगणारा भाग). ओळ सापडली नाही तर घंटा बोलाव, असं तिथे लिहिलं होतं.

पण आजच्या तिथीची ओळ पंचांगात सापडणार नाही असं होईलच कसं, हे मावशींना कळेना. त्यांचं सगळं आयुष्य शहरात आणि पडद्यासमोर गेलं होतं. हर्षाली मात्र ताडकन उठली आणि घराकडे पळाली.

घरतांच्या भिंतीवर एका खिळ्याला कॅलेंडरं होती. नवं वर्ष आलं की नवं कॅलेंडर जुन्याच्या वरच अडकवायचं, जुनं काढायचं नाही, अशी तिच्या आईची पद्धत होती. गॅसचा नंबर, दूधवाल्याचे खाडे, सगळं त्यावर लिहिलेलं असल्यामुळे काढायचा जीव होत नसे. हर्षालीनं आख्खा गठ्ठा खिळ्यासकट उपटला, आईच्या ओरडण्याकडे साफ दुर्लक्ष केलं आणि धापा टाकत परत आली.

वहीतली पहिली तारीख आणि कॅलेंडरातला तो चौकोन. आदल्या दिवशी षष्ठी, त्या दिवशी थेट अष्टमी. सप्तमी गायब. दुसरी तारीख. आदल्या दिवशी एकादशी, त्या दिवशी त्रयोदशी. द्वादशी गायब. हर्षाली भराभर पानं उलटू लागली. दोन वर्षं जे कोडं तिला झोपताना आठवायचं, त्याचं उत्तर तिच्याच घराच्या भिंतीवर टांगलेलं होतं. तिनं फक्त तारखा लिहिल्या होत्या, तिथ्या नव्हे, म्हणून ते दिसलं नव्हतं. पंचवीसच्या पंचवीस तारखांना एकेक तिथी हरवलेली होती.

"क्षय तिथी," ती म्हणाली. "मावशी, घंटा क्षय तिथीला वाजते."

आता शिकवायची पाळी तिची होती. सूर्योदयाला जी तिथी चालू असते ती त्या दिवसाची तिथी, हे तिला शाळेत नव्हे, आईकडून कळलं होतं. पण चंद्र काही घड्याळ बघून चालत नाही. कधी तो भराभर जातो, कधी रेंगाळतो, म्हणून तिथी कधी एकोणीस तासांत आटपते तर कधी सव्वीस तास लांबते. एखादी आखूड तिथी आजच्या सूर्योदयानंतर सुरू होते आणि उद्याच्या सूर्योदयाआधी संपूनही जाते. तिच्या वाट्याला सूर्योदयच येत नाही, म्हणून तिला स्वतःचा दिवस मिळत नाही. पंचांगात तिची ओळ नसते. तिलाच क्षय तिथी म्हणतात.

मावशी ऐकत होत्या आणि त्यांचे डोळे मोठे होत चालले होते. चंद्राच्या चालीतली एवढीशी ओढाताण बेचाळीस वर्षं या पितळी घंटेपर्यंत पोचत होती आणि खाली एक माणूस हातातला घास टाकून पाणी बघायला जात होता. हे मनात आल्यावर हर्षाली खिडकीतून आभाळाकडे बघायला लागली. चंद्र तिथे नव्हता, पण तो कुठेतरी चालतो आहे हे तिला पहिल्यांदाच जाणवलं.

मग नवा कॉम्प्युटर गप्प का राहतो? ते मावशींनी समजावलं.

समज, तू दोघांना दुकानात हळद आणायला पाठवलंस आणि दुकानात हळद संपली आहे. पहिला दारातूनच ओरडतो, की हळद नाही. दुसरा काही न बोलता येतो आणि रिकामी पिशवी खुंटीला अडकवून आपल्या कामाला लागतो. दोघंही खोटं बोललेले नाहीत. फक्त सवयी वेगळ्या. जुना कॉम्प्युटर पहिल्यासारखा. ओळ सापडली नाही की तो काम थांबवून ओरडे, ती ओरड अपवादाला ऐकू जाई आणि अपवाद घंटा वाजवी. नवा दुसऱ्यासारखा. ओळ सापडली नाही तर वेळेच्या जागी तो रिकामं ठेवतो आणि पुढे चालू लागतो. दुभाष्यानं वाक्याला वाक्य अगदी बरोबर लावलं होतं. पण सवय वाक्यात लिहिलेली नसते, त्यामुळे ती उतरली नव्हती.

"आणि रिकामं घेऊन तो पुढे काय करेल?" हर्षालीनं विचारलं.

मावशींनी पुढची ओळ दाखवली. भरतीची वेळ होत आली का? उत्तर 'हो' असेल तर दार मिट. आपल्याला वाटतं, या प्रश्नाला हो आणि नाही अशी दोनच उत्तरं असतात. डेटाबेसमध्ये तिसरंही असतं: माहीत नाही. वेळच रिकामी, तर ती होत आली की नाही हे कसं सांगणार? आणि 'माहीत नाही' म्हणजे 'हो' नव्हे. तेव्हा दार मिटायचं नाही.

हर्षालीनं चालू महिन्याचं कॅलेंडर ओढलं. आजच्या चौकोनात पौर्णिमा होती. उद्याच्या चौकोनात द्वितीया. मधली प्रतिपदा नव्हती.

तिनं त्या दोन चौकोनांच्या मधे बोट ठेवलं. पौर्णिमेनंतरचा दिवस म्हणजे उधाणाचा, महिन्यातली सगळ्यात मोठी भरती. दुपारी दीडच्या सुमारास खाडी बांधाच्या गळ्यापर्यंत येणार, घंटा वाजणार नाही, बाबा घरी जेवत असणार आणि दार सताड उघडं राहणार. तीनशे एकर भात आणि पुढची तीन वर्षं. विदुलामावशींच्या हातातलं पेन अजून उघडंच होतं. त्यांनी त्याला टोपण लावलं आणि ते दूर ठेवून दिलं.

"मी लाल ओळींना घाबरत बसले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "लाल ओळ निदान सांगते तरी, की मी अडकले आहे. हिरवी सांगते, वाक्य जुळलं. अर्थ जुळला असं ती म्हणतच नाही. आणि ही पिवळी नीट सांगत होती, तपासा म्हणून. मीच ऐकलं नाही."

"अहवाल वाचायला तीन तास सात मिनिटं लागतील, असं मी पहिल्या पानावर लिहिलं होतं," दुभाष्या नम्रपणे म्हणाला. त्यावर मावशींनी त्याच्याकडे असं बघितलं, की यंत्र नसता तर तो लाजला असता.

जुन्या आज्ञावलीत अपवादाच्या वर एक टीप होती. टीप म्हणजे माणसानं माणसासाठी लिहिलेली ओळ, कॉम्प्युटर ती वाचत नाही. दुभाष्यानं ती जशीच्या तशी नव्या घरी आणून ठेवली होती. मावशींनी ती मोठ्यानं वाचली.

"तिथी सापडली नाही तर यंत्राने अंदाज करू नये. घंटा वाजवावी. माणसाने बांधावर जाऊन पाणी बघावे. ठाकूर."

ठाकूर कोण, बाई की पुरुष, तरुण की म्हातारा, काही लिहिलेलं नव्हतं. बेचाळीस वर्षांपूर्वी याच खोलीत बसून कुणीतरी अशा दिवसाचा विचार करून ठेवला होता, जो दिवस कॅलेंडरात धड सापडतही नाही. आपल्याला माहीत नाही हे यंत्राला कळलं पाहिजे आणि कळलं की त्यानं माणसाला हाक मारली पाहिजे, एवढंच त्या माणसाचं म्हणणं होतं. हर्षालीला वाटलं, ठाकूर आता दारातून आत आले तर आपण उठून त्यांच्या पाया पडू.

दुरुस्ती केवढी असेल, याचा हर्षालीनं अंदाज केला होता, निदान पाच-सहा पानं. प्रत्यक्षात ती एका शब्दाची निघाली. नव्या भाषेत 'शोध' या आज्ञेपुढे 'काटेकोर' असा एक शब्द लावता येत होता. काटेकोर शोध म्हणजे, सापडायला हवी तेवढी एकच ओळ सापडली तर ठीक, नाहीतर थांब आणि ओरड. मावशींनी तो शब्द लिहिला. मग त्या बाजूला सरकल्या आणि पंचवीस तारखा पुन्हा घालायचं काम त्यांनी हर्षालीला दिलं.

पहिली तारीख. घण्ण. दुसरी. घण्ण. हर्षाली हसायला लागली आणि मावशीही. पंचवीस तारखांना पंचवीस टोले पडले. त्याच्यानंतर तिनं मुद्दाम वहीत नसलेले साधे दिवस घालून पाहिले. तेव्हा घंटा अगदी मुकाट राहिली. तेवढ्यात बाहेर पावलं वाजली आणि बाबा काठी घेऊन, घामानं निथळत दारात उभे राहिले. एकोणीस वर्षांत लागोपाठ पंचवीस टोले त्यांनी कधी ऐकले नव्हते. बांध फुटून खांड पडली असं समजून ते अर्धा गाव मागे घेऊन आले होते.

त्यांना सगळं सांगायला बराच वेळ लागला. ते खाली बसून ऐकत राहिले, मधेच कॅलेंडरातली गाळलेली प्रतिपदा त्यांनी बोटानं चाचपून पाहिली. शेवटी म्हणाले, "म्हंजे ती मना हाक मारत व्हती. आन मी समजत व्हतो का बिगारली हाय."

पाचची लाँच मावशींविना गेली. उरलेल्या पंचवीस पिवळ्या ओळी त्यांनी आणि हर्षालीनं मिळून एकेक करून वाचल्या, दुभाष्याला शंभर प्रश्न विचारले आणि त्यानं एकदाही कंटाळा केला नाही. त्यातल्या दोन ओळींत आणखी एकेक बारीक खोड निघाली. किनाऱ्यावर अशा अजून चाळीस उघाड्या होत्या आणि पुढच्या वर्षी त्यांचेही कॉम्प्युटर बदलायचे होते. मावशींनी तिथल्या प्रत्येक राखणदाराला निरोप धाडला: तुमचं यंत्र जे काही कारण न कळता करतं, ते तारखेसकट लिहून ठेवा. शक्य तर घरातल्या पोरांना लिहायला सांगा.

मग त्यांनी ठाकुरांच्या टिपेखाली एक रिकामी ओळ केली आणि कळफलक हर्षालीकडे सरकवला. आणखी चाळीस वर्षांनी हा कॉम्प्युटरही म्हातारा होईल, कुणीतरी येईल, तेव्हा त्या माणसाला काय सांगायचं ते लिही, असं त्या म्हणाल्या. हर्षालीनं बराच विचार करून टाइप केलं:

"ही घंटा क्षय तिथीला वाजते. घर बदललं की ती नक्की वाजते का ते पंचवीस तारखा घालून बघा, तारखा खाली दिल्या आहेत. पिवळ्या ओळी वाचा. हर्षाली घरत, इयत्ता सातवी."

दुसऱ्या दिवशी सूर्य वर आला आणि दाराचा ताबा नव्या कॉम्प्युटरनं घेतला. त्यानं कालच्या पौर्णिमेत एक मिळवला, प्रतिपदा शोधली, ती त्याला सापडली नाही, आणि घंटा वाजली. एकच टोला. बाबा न्याहारी करत होते. त्यांनी भाकरी खाली ठेवली आणि काठी उचलली. आता ती कशाला वाजली हे त्यांना माहीत होतं, तरी ते नेहमीच्याच घाईनं निघाले.

दुपारी सगळे बांधावर उभे होते. पाणी चढत चढत बांधाच्या गळ्याशी आलं. हर्षालीनं एकदा डावीकडे बघितलं आणि एकदा उजवीकडे. डावीकडे समुद्र होता, तिच्या पावलांच्या जरासाच खाली, थेट आफ्रिकेपर्यंत पसरलेला आणि न दिसणाऱ्या चंद्रानं ओढून उभा केलेला. उजवीकडे, कितीतरी खाली, पिवळं पडलेलं भात वाऱ्यावर हलत होतं. रोजचंच दृश्य होतं ते. आज मात्र तिला ते बघताना श्वास घ्यायचंही भान राहिलं नाही.

दार बाबांनी वेळेत, बारालाच मिटलं होतं. त्यांनी काठी पाण्यात उभी धरली, ओली खूण नखानं मोजली आणि ती हर्षालीच्या हातात दिली.

"पुढच्या टायमाला तू बग," ते म्हणाले.